रिठ्याची बी

१

खड्डा तयार होता. विभूती आली होती, बेलाची पानं टोपलीत भरून ठेवली होती, आणि त्या सगळ्याच्या मधोमध ईरम्मा मांडी घालून बसली होती. लिंगायतांत मेलेल्या माणसाला आडवं करून पुरत नाहीत, बसवून पुरतात. जन्मभर गळ्यात वागवलेलं इष्टलिंग करडगीतून, म्हणजे त्या चांदीच्या डबीतून काढायचं, डाव्या तळहातावर ठेवायचं आणि मगच माती लोटायची. तेवढं झालं की माणूस सुटलं.

फौजदार बिरुदेव मेटकरी लिंबाच्या सावलीत उभा राहून हे बघत होता. गडी सांगोल्याकडचा, धनगराघरचा, निवृत्तीला टेकलेला. सोलापूरच्या उन्हाला शिव्या देत देत त्यानं सगळी नोकरी इथंच काढली होती. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं, त्यामुळं डोकं तापलेलं होतं. तो इथं आला होता डॉक्टर वैष्णवी देवकते यांच्या तक्रारीमुळं. तक्रार चार ओळींची होती. ही बाई आजारानं नाही, उपासमारीनं गेली. ज्या वृद्धाश्रमात ती राहत होती तिथं ताटं रिकामी परत येतात आणि दर महिन्याला वजन होतं. मग ही उपाशी मेली कशी, एवढं शोधा.

शवविच्छेदनात ना विष निघालं होतं ना मारहाण. नुसती हाडं आणि त्यावर कातडं.

वृद्धाश्रमाचे व्यवस्थापक सोमशेखर उंबरजे घाम पुसत पुढं झाले. पांढरा शर्ट, कपाळाला विभूतीचे पट्टे, आवाज गोड. म्हणाले, "स्वामीजी, करडगी उघडत बसू नका आता. ऊन फार आहे. तशीच ठेवा हातावर आणि आटपा."

शिवानंद स्वामींनी मान वर करून त्यांच्याकडं बघितलं. "करडगी ठेवतात होय हातावर? लिंग ठेवतात. तुम्ही आपल्यातले असून असं कसं बोलता?"

त्यांनी डबी उघडली, आतलं काळं, गोल, चकचकीत काहीतरी आपल्या तळहातावर घेतलं, कपाळाला लावायला हात उचलला आणि हात अर्ध्यावरच थांबला. बोटानं त्यांनी ते उलटं करून पाहिलं. मग बिरुदेवला हाक मारली.

"साहेब, हे लिंग नव्हे. ही रिठ्याची बी आहे."

बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. कुणीतरी "यव्वा!" म्हणून तोंडाला पदर लावला. स्वामींनी ती बी बिरुदेवच्या हातात दिली आणि ईरम्माच्या शेजारी जमिनीवर बैठक मारली.

"मी हिला रिकाम्या हातानं मातीत घालणार नाही. दिवस मावळायच्या आत हिचं लिंग आणा. मावळल्यावर मला ठेवता येणार नाही, मग तिचं नशीब. पण माझ्या हातून ते पाप करवून घेऊ नका."

२

अक्कलकोट रस्त्याला, दाळमिलच्या मागं 'उमामाई दासोह निवास' होता. दासोह म्हणजे आल्यागेल्याला पोटभर जेवू घालणं. फाटकावरच मोठा फलक: 'आमच्याकडे एकही कुपोषित ज्येष्ठ नाही.' बिरुदेवनं तो वाचला आणि रस्त्यावरच पचकन थुंकला.

डॉक्टर वैष्णवी ओसरीत वाट बघत होत्या. तरुण बाई, रडून डोळे सुजलेले, पण बोलणं मुद्द्याचं.

"साहेब, म्हातारी माणसं उपाशी राहतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही. वयच झालं म्हणतात. दात नाहीत, चव गेली, घास उतरत नाही, मन लागत नाही. म्हणून मी इथं दर महिन्याची तपासणी सुरू केली. वजन करायचं, कपडे सैल झालेत का विचारायचं, जेवण कमी झालंय का विचारायचं. वजन घटलं तर दंडाला टेप लावायची आणि पुढचं बघायचं."

"आणि ईरम्माचं?"

"वजन घटलंच नाही. मागच्या खेपेपर्यंत काटा जागचा हलला नव्हता. विचारलं की म्हणायची, 'खाते की भरपूर.' अंगभर लुगडं गुंडाळलेलं, पदर कोपरापर्यंत. परवा पायरीवर तिचा तोल गेला म्हणून मी दंडाला धरलं, तर माझी बोटं दंडाभोवती फिरून एकमेकांना भिडली. तिथून सरळ दवाखान्यात नेलं. पण उशीर झाला होता." वैष्णवींनी ओठ आवळले. "माझा काटा खोटं बोलला, साहेब. तो कसा बोलला, एवढं मला कळलं पाहिजे."

बिरुदेवनं खिशातून ती बी काढून दाखवली आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे कुणीतरी चोरलं?"

"मॅडम, चोर चांदीची डबी सोडून आतला खडा नेतो व्हय?" बिरुदेव म्हणाला. "पन्नास चोर पकडले मी, पण असला अजून जन्माला यायचाय. मला एक सांगा. लिंगायताच्या गळ्यातलं लिंग हरवलं तर तो काय करतो?"

उत्तर दिलं सोमशेखर उंबरजेंनी. ते जीपमधून मागोमाग आलेच होते. घसा खाकरून म्हणाले, "जुनी माणसं फार कडक असतात. लिंगपूजा केल्याशिवाय अन्नाला शिवत नाहीत. लिंगच नसेल तर... स्वामींनी नवं बांधेपर्यंत अन्न वर्ज्य."

"असं होय," बिरुदेव म्हणाला. "म्हंजे ईरम्माला कुणी उपाशी ठेवलं न्हाय. ती सोताच ऱ्हायली."

"पण मग तिनं सांगितलं का नाही?" वैष्णवी ओरडल्याच. "एका शब्दानं सांगितलं असतं तर!"

तोच तर प्रश्न होता. बिरुदेवनं आकाशाकडं बघितलं. ऊन अजून भाजत होतं, पण सावल्या पूर्वेकडं लांबू लागल्या होत्या.

३

स्वयंपाकघरात जगदेवी भाकऱ्या थापत होती. पोलीस बघून तिचा हात थांबला नाही, तोंड मात्र लगेच सुरू झालं.

"माझ्यावर आळ घ्यायला आलाय न्हवं? घ्या. सगळे तेच म्हणत्यात, जगदेवीनं पोटाला घातलं न्हाय. तिच्या ताटात मी रोज दोन-दोन भाकऱ्या वाढत हुते, ताट चाटून पुसून परत यायचं! आन म्हातारीचा हट्ट काय तर कडक भाकरीच पायजे. अवो, तोंडात एक दात न्हाय! मऊ करून देते म्हणलं, दुधात कुस्करून देते म्हणलं, तर माझ्यावरच डाफरायची. म्हणायची कडकच दे, वाजली पायजे."

"वाजली पायजे?" बिरुदेवनं विचारलं.

"व्हय. अशी." जगदेवीनं उतरंडीवरची एक वाळलेली, पापडासारखी कडक भाकरी उचलून काडकन मोडली. "आता मला सांगा, दात नसलेल्या बाईला कडक भाकरीचं कसलं डोहाळं?"

बिरुदेवनं त्यातला एक तुकडा उचलून स्वतःच्या कानाजवळ मोडून बघितला.

"आन आणखी सांगते," जगदेवी आता थांबेना. "हितं भुतं फिरत्यात. चोर म्हणावं तर तांदूळ न्हाय, तेल न्हाय, काय नेलं म्हाईत हाय? आदी खलबत्त्यातला बत्ता गेला. मग पाट्यावरचा वरवंटा! वरवंटा कुणी चोरतंय का, साहेब? चटणी वाटायला मला शेजारच्या मिलमध्ये जावं लागतंय. सोमशेखरअण्णास्नी सांगितलं तर हसत्यात."

"कधी गेला वरवंटा?"

"थंडी सरता सरता. बत्ता त्येच्या आधी."

बिरुदेव उठला तो तडक ईरम्माच्या खोलीत गेला. दोन खाटा, मधे लोखंडी टेबल, भिंतीवर बसवण्णांची तसबीर. एका खाटेवर कुणी म्हातारी भिंतीकडं तोंड करून बसलेली होती. तिला त्यानं हात लावला नाही. रिकाम्या खाटेखाली वाकून त्यानं पत्र्याची पेटी ओढली.

पेटीत जुन्या लुगड्याच्या पट्ट्या होत्या, एकाला एक जोडून शिवलेल्या, कमरेला बांधायच्या पट्ट्यासारख्या. त्या पट्ट्यांत गुंडाळलेला बत्ता होता, आणि वरवंटा होता. पट्ट्यांवर जागोजागी रक्ताचे तपकिरी डाग होते. उघड्या हाडावर दगड घासून पडलेले.

वैष्णवी दारात उभ्या होत्या. त्यांनी ते पाहिलं आणि चौकट धरली.

"तुमचा काटा खरंच बोलत व्हता, मॅडम," बिरुदेव हळू म्हणाला. "जेवढी बाई कमी झाली, तेवढा दगड तिनं पोटाला बांधला."

पेटीच्या कोपऱ्यात एक फडकं होतं. ते सोडलं तर आत भाकरीचे बारीक बारीक तुकडे. चिमण्यांना टाकायला ठेवलेले, किंवा कुणाला दिसू नयेत म्हणून लपवलेले.

"बाकीची भाकरी कुटं जात हुती?" तो स्वतःशीच पुटपुटला.

मागून भिंतीकडं तोंड केलेल्या म्हातारीचा आवाज आला. "कोण हाय तितं? अक्काची पेटी उचकू नका. तिला आवडत न्हाय."

४

ती सुंदरम्मा. दोन्ही डोळ्यांत फूल पडलेलं, कधीचीच आंधळी. ती आणि ईरम्मा याच खोलीत बरीच वर्षं राहत होत्या. एक अक्कलकोटची, दुसरी तिकडं दुधनीची. दोघींची पोरं पुण्याला जाऊन तिथलीच झालेली. ईरम्मा वयानं थोडी मोठी, म्हणून अक्का.

"कालपास्नं हिनं पाणीसुद्धा घेतलं नाही," वैष्णवी बिरुदेवच्या कानात कुजबुजल्या. "अक्का गेली कळल्यापासून तोंड मिटून बसलीय. असंच चाललं तर ही पण..."

बिरुदेव तिच्यासमोर खाली बसला. म्हातारीचा चेहरा भरलेला होता. गाल गोल, गळ्याला वळी. मनगटातल्या काचेच्या बांगड्या कातडीत रुतलेल्या होत्या, जणू कुणी लहान पोरीच्या मापाच्या घातल्यात.

"आज्जी, बांगड्या लई घट्ट झाल्यात की तुमच्या."

"व्हय रे. अक्का म्हणायची, तू फुगत चाललीस. तीच भरवायची ना. मला ताटात काय कुटं हाय दिसत न्हाय."

"ती कधी जेवायची?"

"माज्या आदी. मी रोज इचारायची, 'ऊटा आयतु?' जेवण झालं का म्हणून. ती म्हणायची, 'आयतु, आयतु.' भाकरी मोडल्याचं मला ऐकू यायचं की काडकाड. म्हणायची, दात न्हाईत, भिजवून खाते. मग मला भरवायची." सुंदरम्माचा हात गळ्यातल्या शिवदोऱ्याकडं गेला आणि करडगीवर स्थिरावला. "पूजाबी तीच मांडून द्यायची. करडगी उघडून लिंग माज्या हातावर ठेवायची, बेल द्यायची. माझं झाल्यावर आपली करायची."

बिरुदेवची नजर त्या करडगीवर गेली. नक्षीच्या खाचाखाचांतून चांदी लखलखत होती. स्मशानात बघितलेली ईरम्माची करडगीसुद्धा अशीच लखलखत होती. दोन म्हाताऱ्या, एक आंधळी आणि एक मरायला टेकलेली. चांदी उजळायला यांना कुठून सुचलं?

"आज्जी, करडग्या कोण घासून देतं तुमच्या?"

"ती बजाबाई. एकदाच दिल्या तिनं. थंडीत, वजनाला सगळं काढायला लावलं तवा."

वैष्णवींचा चेहरा पांढराफटक पडला. "मीच म्हणाले होते. अंगावर काहीच धातू नको, वजन अचूक पाहिजे म्हणून. सगळ्यांचं काढून एका ताटात ठेवलं होतं."

बिरुदेव उठला. त्याला आता सगळं दिसू लागलं होतं, आणि जे दिसत होतं ते त्याला नको होतं. कारण ईरम्माचं लिंग कुठं आहे हे त्याला कळलं होतं. ते त्याच्यासमोर, या म्हातारीच्या छातीवर लटकत होतं. ते काढून नेलं तर हीही ईरम्मासारखी अन्न सोडणार. नाही नेलं तर ईरम्मा रिकाम्या हातानं जाणार.

५

जेवणघरात त्यानं चौघांना बसवलं. वैष्णवी, जगदेवी, सोमशेखर उंबरजे आणि मदतनीस बजाबाई. खिडकीतून ऊन तिरपं आत आलं होतं. त्यानं बी टेबलावर ठेवली.

"चोरी झाली न्हाय," तो म्हणाला. "लिंग ईरम्माच्या नकळत गेलं असतं तर दुसऱ्याच सकाळी तिनं बोंब ठोकली असती. ठोकली न्हाय. म्हंजे तिनं आपल्या हातानं काढून दिलं. आणि असं लिंग बाई कुणाला देईल? जिला जीव लावलाय तिला. जिचं लिंग आधी गेलं तिला. बजाबाई, रिठा कोण भिजवतं हितं?"

बजाबाई पदराचं टोक पिळत होती. एकदम ती हमसून रडायला लागली.

"मीच, साहेब! त्या दिवशी दोघींच्या डब्या काळ्या पडल्या हुत्या. म्हणलं उजळून देते, म्हाताऱ्या खूश हुतील. उघडून रिठ्याच्या पाण्यात घातल्या. एकीतलं निघालं ते बाजूला ठिवलं. दुसरीत चिकटून बसलं हुतं, मला दिसलंच न्हाय. आमच्यात नसतंय तसलं, मला काय ठावं? पाणी मोरीत वतलं आन डबी पुसून बघते तर रिकामी. मोरीत हात घालून घालून बघितलं, बोटं सोलली माजी. न्हाय गावलं."

"कुणाची डबी?"

"सुंदराज्जीची."

"मग बी त्यात तू घातलीस?"

बजाबाईनं मान खाली घातली. बिरुदेव थांबला नाही. "न्हाय. आतल्या खड्याची किंमतच तुला ठाऊक न्हवती, तर त्याच्या जागी त्याच्या मापाची, त्याच्या रंगाची बी घालून झाकायचं तुला कसं सुचावं? ते सुचवणारा माणूस लिंग म्हंजे काय ते पुरं जाणतो. आंधळीच्या हातावर काय खपेल तेबी जाणतो." त्यानं मान वळवली. "आज स्मशानात एकच माणूस म्हणाला, करडगी उघडू नका. लिंगायताघरचा माणूस, कपाळाला विभूती, आणि स्वामीला म्हणतो डबीच ठेवा हातावर. का हो सोमशेखरअण्णा? सुंदरम्माच्या डबीत घातलेली बी ईरम्माच्या डबीतनं निघंल हे तुमाला पक्कं ठाऊक न्हवतं. पण सुंदरम्माची पूजा मांडणारीच उपाशी मेली म्हणल्यावर शंका आली, आणि बी दिसली तर इचारपूस हुईल म्हणून भ्याला. व्हय ना?"

सोमशेखरांनी रुमाल चेहऱ्यावरून फिरवला. मघाचा गोडवा आवाजातून गेला होता. "ईरम्माला मी उपाशी ठेवलं नाही. असं होईल हे माझ्या मनातही नव्हतं."

"मग काय व्हतं मनात?"

"बजाबाईनं त्याच दिवशी येऊन सांगितलं मला. स्वामींना बोलावलं असतं तर पेठेत बोभाटा झाला असता. वृद्धाश्रमात लिंग मोरीत गेलं! लोकांनी आपापली माणसं काढून नेली असती, तपासणी बंद पडली असती. फलक लावायला पाहुणे यायचे होते. मी म्हटलं, आंधळी बाई आहे. तिला काय कळणार."

"तिला न्हाय, अण्णा. जी तिची पूजा मांडून द्यायची तिला कळलं," बिरुदेव म्हणाला. "सकाळी करडगी उघडली तर आत बी. सांगावं तर सुंदरम्मा अन्न सोडणार. तुमाला इचारावं तर तुमी दडवणारच, न्हाय तर बी घातलीच नसती. म्हणून आपलं काढून तिच्या हातावर ठेवलं, आणि बी आपल्या गळ्यात बांधली. तवापास्नं चहा न्‌ घोटभर दूध. भाकरी मोडायची ती आंधळीच्या कानासाठी."

जगदेवी "अगं आई गं" म्हणून मटकन खाली बसली. वैष्णवी खिडकीकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

"वजन घटलं असतं तर मॅडमनी तिला दवाखान्यात नेलं असतं, सगळं बाहेर आलं असतं. म्हणून दगड. फलक खराच हुता तुमचा. काट्यावर कुपोषित कुणी सापडलं न्हाय."

"मला कुठलं कलम लावणार?" सोमशेखरांनी खालच्या आवाजात विचारलं.

"ठाऊक न्हाय. शोधीन. सापडलं न्हाय तर रोज सकाळी तुमच्या दारात येऊन उभा ऱ्हाईन."

तेवढ्यात दारातून काठीचा आवाज आला. भिंत चाचपत सुंदरम्मा उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक.

६

"मला ठाऊक हुतं," ती म्हणाली.

तिनं काठी टेकून एक पाऊल आत टाकलं.

"डोळं गेल्यात, बोटं गेली न्हाईत. माज्या लिंगाला एका बाजूला सपाटी हुती. ह्येला न्हाई. ह्येची कांती, वरचा काळा लेप, एके ठिकाणी टवकलीय. अक्काच्या हातनं एकदा पडलं हुतं ते. पयल्याच सकाळी मला कळलं, हे अक्काचं."

"मग आज्जी, तुमी बोलला का न्हाई?" बिरुदेवचा आवाज फाटला.

"वाटलं, बजाबाईनं अदलाबदल केली. माझं अक्काकडं गेलंय आन तिला कळलं न्हाई. सांगितलं तर लई कडक बाई ती, तीन दिस पाणी घ्यायची न्हाई. म्हातारं शरीर, मरंल. म्हणून म्या गप बसले. दुसऱ्याच्या लिंगाची पूजा करून जेवले, ते पाप माजं म्हणलं, अक्का जगू दे." तिनं गळ्यातली करडगी मुठीत धरली. "तिनं भरवलेला सगळा घास मी खाल्ला. तिचा वाटाबी मीच खाल्ला."

बिरुदेवनं तिचा हात धरला. ती म्हणाली, "दिस किती ऱ्हायलाय? मला तिच्याकडं न्या."

जीप रुद्रभूमीत, म्हणजे लिंगायतांच्या त्या स्मशानात, पोचली तेव्हा सूर्य मावळतीला टेकला होता. शिवानंद स्वामी तसेच बसून होते. सगळं ऐकल्यावर त्यांनी डोळे मिटले.

"बाई, मी कसब्यात राहतो," ते म्हणाले. "कुणी हाक मारली असती तर सायकलवर आलो असतो. नवं लिंग बांधायला कितीसा वेळ लागतो? तुझं बोलणं संपायच्या आत बांधलं असतं. एवढंच होतं गं ते. एवढंच होतं."

सुंदरम्मानं शिवदोरा स्वतः सोडला. लोकांनी ईरम्माला खाली उतरवून बसवलं होतं. सुंदरम्मा काठावर पालथी झाली, हात लांब केला, आणि दोघी-तिघींनी तिला कमरेला धरलं. तिनं चाचपत अक्काचा डावा हात शोधला. त्या हातावर मांस असं नव्हतंच. बोटांनी ती हाडं एकेक मोजल्यासारखी चाचपत राहिली, आणि तेव्हा पहिल्यांदा तिला अक्का कशी झाली होती ते कळलं. मग तिनं जो आवाज काढला तो बिरुदेवला पुढं कित्येक दिवस ऐकू येत राहिला.

लिंग तळहातावर ठेवलं. विभूती पडली, बेल पडला, माती पडली.

स्वामींनी तिथंच, लिंबाखाली, सुंदरम्माच्या गळ्यात नवं लिंग बांधलं. मंत्र म्हटले, पूजा करवून घेतली. "आता जेव, बाई," म्हणाले. ती नव्या लिंगावरून अंगठा फिरवत राहिली.

आश्रमात परत आल्यावर वैष्णवींनी तिला खाटेवर बसवलं. जगदेवीनं ताट आणलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वाटीत आमटी. ताट घेऊन ईरम्माच्या खाटेवर, सुंदरम्माच्या समोर, बिरुदेव बसला. भरवायचं कसं ते त्याला येत नव्हतं. त्यानं एक तुकडा आमटीत बुडवून तिच्या ओठाजवळ नेला.

तिनं तोंड मिटून घेतलं.

"खा की, आज्जी. आता तुमचं तुमच्याजवळ हाय."

"तू जेवलास?"

"मी खातो की मागनं. तुमी खा आदी."

"तीबी असंच म्हणायची," सुंदरम्मा म्हणाली. "तू खा आदी. मला ऐकू यील असं खा."

बिरुदेवनं ताटातली भाकरी उचलून मोडली. खोलीभर काडकन आवाज झाला.

"मोडू नगंस," ती म्हणाली. "चाव."

त्यानं तुकडा तोंडात घातला. सकाळपासून पोटात काही नव्हतं, तरी घास फिरत राहिला. डोळ्यांतलं पाणी मिशीत उतरत होतं. त्यानं जोर लावून, वाजवून वाजवून चावला. सुंदरम्मा मान तिरपी करून ऐकत होती. त्यानं घास गिळल्याचं कानावर येईपर्यंत ती थांबली, आणि मग तिनं तोंड उघडलं.